बांध दिसतो, भावकी दिसत नाही

विमान वर चढू लागलं की आधी माणूस नाहीसा होतो. मग जनावर, मग झाड, मग घर. बांध मात्र शेवटपर्यंत टिकतो. ज्याच्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत, ज्याच्यापायी बापाला पडलेल्या तारखा पुढे मुलगा चालवतो, तीच रेघ आभाळातून सगळ्यांत ठळक.

दर नांगरटीला वीतभर बांध कोरणारा दिसत नाही. कोरलेली वीत दिसत नाही. रेघ दिसते, आणि वरून ती सरळच दिसते.

*

पट्ट्यांची रुंदी वाचता आली तर खिडकीतून वंशावळ वाचता येते. आमच्याकडे वाटण्या उभ्या पडतात. विहीर एका टोकाला, रस्ता दुसऱ्या टोकाला, काळी एकीकडे, मुरमाड दुसरीकडे. प्रत्येक भावाला सगळ्यातलं थोडं हवं असतं. आजोबाची रुंद पट्टी, मुलांच्या निम्म्या, नातवांच्या चिंचोळ्या. शेवटी ट्रॅक्टर वळवायलाही शेजाऱ्याच्या रानात शिरावं लागेल एवढ्या. तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली झाला. तो किती पाळला गेला हे तलाठ्याच्या दप्तरात शोधू नये, सातबाऱ्यावर सगळे सामाईक असतात. वाटणी रानात होते, आणि रान वरून दिसतं.

*

शेतं वरून गोधडीसारखी दिसतात, असं लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. गोधडी शिवणारीला कुठलं ठिगळ कुणाच्या लुगड्याचं हे ठाऊक असतं. खिडकीतल्याला नुसते रंग.

*

पुरेसं वर गेलं की दुष्काळाचीही नक्षी होते. एवढ्यासाठी तरी नक्षीवर विश्वास ठेवू नये.

*

दिल्लीहून शिर्डीकडे निघालेलं विमान दोनेक तासांत निम्मा देश मागे टाकतं. चंबळच्या घळी, माळव्याचं पठार, नर्मदा, सातपुडा, तापी, चांदवड-मनमाडकडचे सुळके, मग गोदावरी. शेजारचा प्रवासी हा सगळा वेळ झोपलेला असतो आणि मला त्याचा राग येतो. राग येण्याचं कारण नाही. त्याने तिकीट पोहोचण्याचं काढलेलं असतं, पाहण्याचं नव्हे.

माळव्यात जो काळा दगड सुरू होतो तो नगरपर्यंत सुटत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, थिजला, पुन्हा आला, पुन्हा थिजला. चढणाऱ्याला त्याचा कडा होतो; उडणाऱ्याला त्याच्या पायऱ्या मोजता येतात. संगमनेरच्या बाजूला माळावरून लांबच लांब, सरळ जाणाऱ्या काळ्या भिंती आहेत. त्या कुणी घातलेल्या नाहीत. जमिनीला भेग पडली, भेगेत लाव्हा भरला आणि गोठला. पुढे भोवतीचा नरम दगड झिजून गेला. आज उभी आहे ती भेग.

*

नगर हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा: १७ हजार चौरस किलोमीटर, १४ तालुके. अकोले तालुक्यातल्या कड्यांपासून जामखेडच्या माळापर्यंत तिरकं गेलं तर जेट विमानाला पाव तास पुरतो. जिल्ह्याच्या विभाजनाची चर्चा त्याहून बरीच लांबली आहे.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या या बाईने देश वरून पाहिला नव्हता. वाटसरूला कुठे तहान लागते हे तिला कळलं होतं, तेवढ्यावर देशभर काम झालं.

*

हा जिल्हा पाहायचा तर मे महिन्यात पाहावा. सप्टेंबरातली खिडकी खोटं बोलते. पाऊस झाला की माळही हिरवा, मळाही हिरवा. पावसाळ्यात जमीन दिसते, उन्हाळ्यात कारभार दिसतो.

मेमध्ये प्रवरेच्या दोन्ही अंगांना उसाचा हिरवा पट्टा दिसतो आणि तो एके ठिकाणी तोडल्यागत संपतो. पुढे खाकी. निसर्गात रंग असे संपत नाहीत, एकमेकांत मुरत जातात. हा काठ पाटाचा आहे. पाटाच्या खालच्या अंगाला भिजतं, वरच्या अंगाला नाही. माती दोन्हीकडे तीच, पाऊस तोच, बहुतेक वेळा आडनावंही तीच.

जमिनीवरून हा काठ दिसत नाही. प्रत्येकाला आपला बांध दिसतो, फार तर शेजाऱ्याचा. ‘आवर्तन सुटलं का’, ‘चारीला पाणी आलं का’, ‘टेलला कधी पोचायचं’ एवढंच माणूस विचारतो, कारण त्याच्या उभ्या पिकाला तेवढंच कळायचं असतं. कुणाला मिळालं आणि कुणाला नाही याचं सबंध चित्र जमिनीवर कुणाच्याच वाट्याला येत नाही. उंचीचा खरा उपयोग असला तर हा. देखावे कुठेही मिळतात. पुरावा इतका उघडा पडलेला क्वचित दिसतो.

*

घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. पाथर्डी-कर्जतकडे पाचशे झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. दोन्ही टोकं एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत. सह्याद्री ओलांडल्यावर ढग फाटत जातात आणि खालचा रंग बदलत जातो, तेव्हा कळतं की ढगांनी आपलं सगळं पश्चिमेला देऊन टाकलं आहे आणि पूर्वेला येताना हात हलवत आले आहेत.

पडलेलं पाणी अडवायला भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. पाणी अकोल्याच्या डोंगरात अडलं. संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावर पाटांत वळलं. आणि ऊस उभा राहिला राहात्यात, श्रीरामपुरात. ज्यांच्या डोक्यावर पाऊस कोसळतो त्या वाड्यांमध्ये चैत्र-वैशाखात हंडे फिरतात. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण कुणा साहित्यिकाने रचलेली नाही.

पुढे १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आज हंगामात विमानातून कारखान्यांच्या चिमण्या मोजत जाता येतं. सहकाराने पाटाखालच्या माणसाला मोठं केलं, यात वाद नाही. पाटावरच्या माणसाला सहकार म्हणजे काय ते त्या चिमणीच्या धुराइतकंच कळलं: लांबून, वारा असेल तसं.

*

निळवंड्याचा कालवा वरून एक बारीक रेघ आहे. तिचा विचार १९७० मध्ये झाला. डाव्या कालव्याचं लोकार्पण २०२३ च्या ऑक्टोबरात झालं. मधल्या काळात जन्मलेली माणसं आजोबा झाली. रेघेला लांबी असते ती दिसते. रेघेला वयही असतं, ते खिडकीत येत नाही.

*

जायकवाडीचा नाथसागर मात्र लपत नाही. पूर्वेला नेवासा-शेवगाव सोडलं की एवढं पाणी अचानक उघडतं की ते कुठल्या बाजूला उतरलं आहे हेही क्षणभर कळत नाही. जायकवाडीचं धरण पैठणला, पण जलाशयाच्या पोटात नगरच्याही जमिनी गेल्या. मेमध्ये पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते; तळ्याच्या आत शेती दिसते. बुडालेलं गाव दर वर्षी थोडे महिने परत मिळतं, दुसऱ्याच्या नावाने.

वरचं पाणी खाली किती सोडायचं हे २००५ च्या कायद्याने आणि १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून ठरतं. तुटीच्या वर्षी दिवाळीच्या आसपास नगर-नाशिक एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे. मोर्चे, याचिका, बंदोबस्तात उचललेले दरवाजे. वरून पाहिलं तर नदी एकच आहे आणि ती उताराने जाते आहे. हे सांगून वाद मिटत नाही. एकच नदी आहे, म्हणून तर वाद आहे.

*

बाराच्या उन्हात खाली मधूनच काहीतरी लख्ख चमकतं, विझतं, पुढे पुन्हा चमकतं. शेततळी. चौकोनी खड्डा, आत प्लास्टिकचा कागद, वर भरलेलं पाणी. पावसाचं पाणी साठवावं म्हणून सरकारने ही योजना आणली. पुष्कळ ठिकाणी त्यात विहिरीचं नि बोअरचं पाणी भरून ठेवलं जातं. जमिनीखाली होतं तोवर ते दहा शेतांखालून वाहत होतं. वर आल्यावर एकाचं झालं, आणि उरलेल्यातलं बरंचसं सूर्याचं.

शेततळं बांधणाऱ्याला दोष देता येत नाही. फळबाग जळताना पाहिलेली असते त्याने. पण शहाणपणाच्या हजार चौकोनांची बेरीज वरून वेडेपणासारखी दिसते, हेही खरं.

पाझर तलाव चमकत नाहीत. बरेचसे गाळाने भरले आहेत. मातीचा वाकडा बांध आणि मागे ओलसर डाग. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, पाट्या वाहून लोकांनी असली कामं उभी केली. बाया कडेवरची पोरं झाडाखाली ठेवून माती टाकत. त्या बांधांवर कुठेही कुणाचं नाव नाही. त्यातला एखादा आजही भरतो. ज्याच्या विहिरीला तो पाझर लागतो त्याच्या आजीने त्यावर माती टाकली असेल, आणि त्याला ते माहीत नसेल.

*

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. पाऊस जेमतेम, पण गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला: यंदा किती पडलं, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलं त्यात कोणतं पीक बसतं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस नाही, केळी नाही. विमानातून गाव ओळखायचं तर उन्हाळ्यात डोंगरावर टिकलेल्या झाडीवरून कदाचित ओळखता येईल. घेतलेलं बोअर वरून दिसतं, त्याच्या भोवती हिरवं असतं. न घेतलेलं बोअर कसं दिसणार? गावाची सगळी कमाई त्या न घेतलेल्यात आहे.

निजामशाहीत नगर शहराला डोंगराकडून पाणी येई ते जमिनीखालच्या खापरी नळांतून. शत्रूला दिसू नये, उन्हाला मिळू नये. पाण्याचं चांगलं काम झाकलेलं असतं, हे त्या काळच्या गवंड्यांना ठाऊक होतं. आपल्याला उद्घाटन करता येईल असं पाणी लागतं.

*

श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. प्रवरेच्या काठी पांढरीचं टेकाड. १९७४ मध्ये तिथे मुळं खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. ती वस्ती इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास उठली. पाऊस घटत गेला म्हणून उठली असावी, असं काही पुरातत्त्वज्ञ मानतात. रथाला जुंपलेले बैल आजही ताठ आहेत. हाकणारा उभा आहे. गाव कुठल्या दिशेला गेलं ते मात्र त्याला विचारायची सोय नाही.

*

नोव्हेंबरात पहाटेच्या उजेडात उसाच्या फडाशेजारी राखाडी ठिपक्यांची एक ओळ दिसते. त्या कोप्या. पाथर्डीचे, जामखेडचे, बीडकडचे लोक सहा महिने तिथे राहतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पुढच्या वर्षी फड दुसरीकडे, ठिपके दुसरीकडे. जे शेत वरून कायमचं वाटतं ते कापायला आलेली माणसं नकाशात कधीच बसत नाहीत.

हिरव्या पट्ट्यात खाकी पट्ट्यातली माणसं मजुरीला येतात. पाणी त्यांच्याकडे गेलं नाही म्हणून तीच पाण्याकडे आली. पाटाचा काठ ओलांडणारी एवढी एकच वाहतूक, आणि ती माणसांची आहे.

*

रात्रीच्या विमानातून जिल्हा वस्त्यांच्या दिव्यांनी कळतो. गावठाणाचा घोळका, मग अंधार, मग मळ्यातलं एकटं घर. त्या अंधारात कुणीतरी दारं धरत असतो. शेतीची लाइट आठवड्यात काही दिवस रात्रीच येते, म्हणून मोटार रात्री चालते, म्हणून माणूस रात्री उसात उभा असतो, हातात बॅटरी. अकोले-संगमनेरकडे त्याच उसात बिबट्याही असतो; त्याला डोंगरापेक्षा फड सोयीचा वाटू लागला त्याला आता बरीच वर्षं झाली. पायाखालचा चिखल, पाठीमागची खसखस, वाफ्याचं फुटलेलं तोंड. डोक्यावरून लाल-पांढरे दिवे मिचकावत विमान जातं. तो वर पाहतो का? माझा अंदाज, नाही. पाणी पुढच्या सरीत गेलं का हे पाहणाऱ्याला वर बघायची फुरसत नसते.

उंच जाण्याला अलिप्तता म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. बहुतेक वेळा ती नुसती गैरहजेरी असते.

*

सूर्य पाठीशी आणि खाली सपाट ढग असले की ढगावर विमानाची सावली पडते आणि सावलीभोवती रंगांचं कडं उमटतं. तेच इंद्रवज्र. विमानं येण्याआधीही ते पाहायची एक जागा आमच्या जिल्ह्यात होती: हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. दरीत धुकं भरलेलं हवं, मागून ऊन हवं, आणि नशीब हवं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्सने ते इथे पाहिलं. १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी दख्खनच्या हवेवर त्याने जो निबंध लिहिला त्यात त्याची नोंद आहे. तेव्हापासून ते साईक्सने पाहिलं असं आपण सांगतो. गडाखालच्या गुराख्यांनी ते त्याच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं असणार. त्यांना पावसाळ्यात गुरं राखायची होती, निबंध लिहायचा नव्हता.

या रंगीत कड्याची गंमत त्याच्या मध्यबिंदूत आहे. धुक्यातले थेंब उजेडाला जवळजवळ आल्या वाटेने माघारी धाडतात, म्हणून कडं पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच डोक्याच्या सावलीभोवती उमटतं. कड्यावर चौघं शेजारी उभे राहिले तर सावल्या चौघांच्या दिसतात. कडं मात्र ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवती. विमानातही तेच. सावली जवळच्या ढगावर, मोठी पडली असेल तर नीट पाहावं: पुढच्या रांगेत बसलेल्याला मध्य विमानाच्या नाकाकडे दिसतो, मागच्याला शेपटीकडे. आपण सावलीत नेमके कुठे बसलो आहोत ते कडं दाखवून देतं.

सत्तर प्रवासी असतील तर सत्तर कडी. कुणाचंच दुसऱ्याला दिसत नाही. शेजाऱ्याला हाक मारून दाखवायला जावं तर तो वाकून बघतो आणि म्हणतो, हो, दिसलं. त्याला त्याचं दिसलेलं असतं. यावर देवत्वाची केवढी दुकानं निघाली असती! गुराखी शहाणे होते. त्यांनी कुणी ते दुकान थाटलं नाही, गुरं वळवून घरी गेले.

जमीन पाहायला खिडकीशी बसावं आणि आपलीच सावली, तीही रंगीत कड्यासकट, पाहत राहावं, असं पुष्कळांचं होतं. लिहिणाऱ्यांचं तर फारच.

*

नगरचा भुईकोट वरून वाटोळा दिसतो. खंदकाची हिरवी कडा, आत झाडी. १९४२ च्या ऑगस्टात काँग्रेस कार्यकारिणीतली माणसं इथे आणून ठेवली. नेहरू १९४५ च्या मार्चपर्यंत आत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी १९४४ मध्ये इथे लिहिलं, पाच महिन्यांत. मौलाना आझादांनी इथेच ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली. ती पाठवायची सोय नव्हती. देशाचा पाच हजार वर्षांचा पट मांडणाऱ्यासमोर तट होता. चिमण्यांवर आणि चहावर लिहिणाऱ्यासमोरही तोच.

नेवाशाची जागा त्याहून लहान. एक दगडी खांब, त्याला टेकलेला एक मुलगा, ज्ञानेश्वर. १२९० मध्ये त्याने तिथे बसून जे सांगितलं त्यात आकाशाचे दाखले आहेत, समुद्राचे आहेत, चातकाचे आहेत. उंचीवरून काहीएक दिसतं, हे मान्यच आहे. पण ज्यांनी सगळ्यांत लांबचं पाहिलं त्यांच्याकडे टेकायला काहीतरी होतं, खिडकी नव्हती.

*

विमानतळ काकडीच्या शिवारात आहे. कोपरगाव तालुक्यातलं काकडी. वर्षानुवर्षं पाण्याची वाट पाहणाऱ्या पट्ट्यातलं गाव. विमानतळाचं नाव शिर्डी. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. साईबाबांच्या समाधीचं शंभरावं वर्ष तेव्हाच सुरू होत होतं. अडीच हजार मीटरची धावपट्टी. त्याखाली किती बांध गेले हे धावपट्टीवरून कळत नाही. बांध नसलेली एवढी लांब पट्टी या जिल्ह्यात विरळाच.

उतरताना सगळं उलट्या क्रमाने परत येतं. आधी घर, मग झाड, मग जनावर. कुंपणापलीकडे शेळ्या राखणारी बाई सगळ्यांत शेवटी, आणि ती विमानाकडे पाठ करून उभी असते. तिच्या रोजच्या ओळखीचा आवाज आहे तो. चाकं टेकतात, आत साईनाथाचा जयघोष होतो, पट्टे सुटायच्या आधी मोबाइल सुटतात. बाहेर गाडीवाले शिर्डी-शिर्डी म्हणून हाका मारत असतात. काकडी म्हणून कुणी हाक मारत नाही. काकडीला जाणारा पायीच निघालेला असतो.

*

मुंबई-शिर्डीच्या विमानात कुठल्या बाजूला बसावं, असं ओळखीचे लोक विचारतात. मार्ग त्या दिवशी सरळ मिळाला तर हिशेब सोपा आहे. डावीकडे कळसूबाई आणि भंडारदऱ्याचं पाणी. सूर्य बहुतेक दिवस दक्षिणेकडे असतो, म्हणून विमानाची सावलीही डावीकडे. इंद्रवज्र हवं असेल तर तिकडेच. उजवीकडे आधी हरिश्चंद्रगड. मग अकोल्याच्या आसपास प्रवरा विमानाखालून डावीकडून उजवीकडे निघून जाते, आणि संगमनेरपासून पुढे पाटाचा तो काठ उजव्या खिडकीत येतो. म्हणजे धरण एका बाजूला आणि धरणाचं पाणी जातं ते दुसऱ्या बाजूला. एका तिकिटात दोन्ही मिळत नाहीत. डोंगर पाहायचे असणाऱ्यांना मी डावी सुचवतो. स्वतः उजवी घेतो, मेमध्ये तर हमखास. खिडकीचे वेगळे पैसे मागितले तर द्यावेत. परतीला बाजू बदलतात, तेवढं तिकीट काढताना ध्यानात ठेवावं.